'कळवतो' म्हणून गेलेली माणसं

मराठीत नकार देण्याचे प्रकार किती? मी मोजलेत. 'बघू.' 'कळवतो.' 'घरी विचारून सांगतो.' 'साहेबांच्या कानावर घालतो.' 'दिवाळीनंतर बसू एकदा.' आणि सहावा प्रकार म्हणजे काहीच नाही. चिडीचूप. फोन वाजतो, उचलला जात नाही. मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि तिथेच थिजतात. तुम्ही पाठवलेलं कोटेशन, नमुना, आराखडा, सगळं एखाद्या विहिरीत टाकावं तसं, आणि ती विहीर इतकी खोल की 'डुबुक' असा आवाजसुद्धा येत नाही!

या सहाव्या प्रकारावर मला आज बोलायचंय. बोलायचंय म्हणजे भांडायचंयच, खरं तर.

मी भाषांतराची कामं करतो. इंग्रजीतून मराठीत, क्वचित उलटं. माहितीपत्रकं, करारनामे, औषधांसोबतची पत्रकं, शाळांची पुस्तकं, जे येईल ते. दर शब्दावर ठरतो. कोणीतरी फोन करतं, "अर्जंट आहे हो, आजच दर सांगा." मग मजकूर येतो, तोही बहुतेक वेळा स्कॅन केलेला, म्हणजे शब्द मोजायचीसुद्धा सोय नाही. मी बसून अंदाज काढतो, कठीण संज्ञा किती आहेत ते बघतो, दिवस किती लागतील ते ठरवतो आणि दर पाठवतो. "एक पान नमुना म्हणून करून द्याल का?" देतो. "छान आहे. संध्याकाळपर्यंत कळवतो." ती संध्याकाळ अजून व्हायची आहे. काही संध्याकाळी तर तीन-तीन वर्षं जुन्या आहेत.

हे फक्त माझं रडगाणं असतं तर मी ते गिळलं असतं. पण ज्याला म्हणून विचारावं तो हेच सांगतो. घराची आतली सजावट करणारे, संकेतस्थळं बनवणारे, शिकवण्या घेणाऱ्या बाई, दिवाळी अंकांची पानं लावणारे, केटरर, फोटोग्राफर, घरी येऊन फिजिओथेरपी देणारे. सगळ्यांकडे एक न लिहिलेली वही आहे आणि त्या वहीत गायब झालेल्या माणसांची नावं आहेत. गंमत म्हणजे यातली बरीचशी माणसं वाईट नाहीत. ती कुणाचे पैसे बुडवायला निघालेली नसतात. शेजारी म्हणून उत्तम असतात, रांगेत मध्ये घुसत नाहीत, पाहुण्याला चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. फक्त ती उत्तर देत नाहीत.

का देत नाहीत? माझं उत्तर एका शब्दाचं आहे: भीड.

आपल्याला 'नाही' म्हणायची भीड वाटते. माणसाने एवढं मन लावून कोटेशन केलंय, आता त्याला "तुम्ही महाग आहात" कसं सांगायचं? वाईट वाटेल त्याला. मग काहीच सांगत नाही. समोरचा आपोआप समजून घेईल असं धरून चालतो. म्हणजे त्याला वाईट वाटू नये म्हणून आपण त्याला पंधरा दिवस टांगून ठेवतो! आणि याला आपण चांगुलपणा समजतो. 'भीड भिकेची बहीण' अशी म्हण आहे आपल्याकडे. भिडेपोटी माणूस शेवटी भिकेला लागतो, असा तिचा अर्थ. इथे एक फरक आहे. भीड गिऱ्हाईकाची आणि भीक मात्र दुसऱ्याच्या पदरात. कारण चौथ्यांदा "सर, त्या कामाचं काय झालं?" असं विचारताना माणूस मागतकरीच दिसतो. स्वतःलाही तसाच दिसतो.

'नाही' हा अपमान नाही हो. 'नाही' ही माहिती आहे. आणि धंदा करणाऱ्याला माहितीची किंमत असते.

लग्नाच्या फोटोग्राफरचं उदाहरण घ्या. आपल्याकडे लग्नाच्या तिथी वर्षभर सारख्या पसरलेल्या नसतात. चातुर्मासात बहुतेक लग्नं थांबतात. तुळशीचं लग्न लागलं की मोसम सुरू होतो आणि मग चांगल्या मुहूर्ताच्या एकाच दिवशी गावातले सगळे हॉल, सगळे केटरर, सगळे फोटोग्राफर बांधले जातात. अशा एका तारखेसाठी तुम्ही त्याला म्हणालात, "तुमचं जवळजवळ नक्की, फक्त अॅडव्हान्स सोमवारी देतो." भल्या माणसाने तारीख अडवून ठेवली, नंतर आलेली दोन घरं परत पाठवली. तुम्हाला दरम्यान भाच्याच्या ओळखीतला दुसरा कोणी मिळाला आणि तुम्ही गप्प बसलात. तुमच्या हिशेबात तुम्ही काहीच केलेलं नाही, कारण पैसे दिले नाहीत, सही केली नाही. त्याच्या हिशेबात एक मुहूर्त गेला. मुहूर्त काही गोदामात ठेवता येत नाही, पुढच्या महिन्यात विकता येत नाही. भाजीवाल्याची मेथी निदान संध्याकाळी स्वस्तात जाते. गेलेली तारीख फुकटही जात नाही.

यावर नेहमीचं पहिलं उत्तर येतं: "अहो, त्याने अॅडव्हान्स न घेता तारीख अडवलीच कशाला? धंदा कळत नाही." मान्य. धंद्याच्या दृष्टीने मान्य. पण मग स्वच्छ म्हणा ना, की माझ्या शब्दाला किंमत नाही, पैसे हातात पडेपर्यंत माझ्यावर विश्वास ठेवू नका! ते म्हणायची तयारी आहे का? नाही. आपल्याला शब्दाचे पक्के म्हणवूनही घ्यायचंय आणि दुसऱ्याने आपला शब्द धरला तर त्याला मूर्खही ठरवायचंय.

दुसरं उत्तर: "मौनं संमतिलक्षणम् म्हणतात, तसं इथे मौन म्हणजे नकार. व्यवहारी माणसाने समजून घ्यावं." या सुभाषितापायी एक जुना इंग्रजी खटला आठवतो. १८६२ सालचा, फेल्टहाउस विरुद्ध बिंडली. कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेल्या कुठल्याही पोराला विचारा, त्याला पाठ असतो. एका काकाला पुतण्याचा घोडा घ्यायचा होता. किमतीवरून थोडी गफलत झाली, तेव्हा काकाने मधली रक्कम काढून पत्र लिहिलं की तुझ्याकडून आणखी काही कळलं नाही तर घोडा तीस पौंड पंधरा शिलिंगांना माझा झाला असं मी धरतो. पुतण्याने उत्तर दिलंच नाही. (पुतणे तेव्हापासून असेच!) त्याच्या मनात घोडा काकालाच द्यायचा होता. लिलाववाल्याला त्याने तसं सांगितलंही होतं, पण लिलाववाल्याने चुकून तो घोडा विकून टाकला. काका कोर्टात गेला आणि हरला. कोर्टाने सांगितलं, गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. मनात काय होतं ते मनातच राहिलं, काकाला कुणी कळवलं होतं?

म्हणजे कायद्याने मौन हा होकार नाही. आपल्याकडचा १८७२ चा करार कायदाही सांगतो की प्रस्तावाला वाजवी मुदतीत होकार कळवला नाही तर तो प्रस्ताव संपतो. छान. पण 'वाजवी मुदत' संपेपर्यंत मौन हा धड नकारही नाही. ती एक मधली अवस्था आहे, त्रिशंकूची. आणि त्या अवस्थेत लटकतो तो नेहमी एकच पक्ष. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला हे मौन फुकट पडतं. ज्याने निर्णयाची वाट बघायची त्याला प्रत्येक दिवसाचं भाडं भरावं लागतं. म्हणून हा निव्वळ विसराळूपणा आहे असं मला वाटत नाही. कोण कुणाला ताटकळत ठेवू शकतो, याचाच हा हिशेब आहे. बघा ना, तोच साहेब त्याच्या वरच्या साहेबाच्या मेलला रात्री अकरा वाजता उत्तर देतो. तिथे नाही तो 'कामाच्या गडबडीत राहून गेलं' म्हणत!

गडबडीचं कारण तर मला सर्वांत जास्त डोक्यात जातं. "सध्या नको, धन्यवाद." तीन शब्द आहेत. किंवा "दुसऱ्याला दिलं काम." चार सेकंद लागतात. त्याच मोबाइलवरून दिवसाला चाळीस सुप्रभात पुढे ढकलणाऱ्यांना हे चार सेकंद सापडत नाहीत?

आता दुसऱ्या बाजूलाही न्याय दिला पाहिजे. सेवा देणारे काय सगळे संत आहेत? अजिबात नाही. "उद्या येतो" म्हणून गेलेला सुतार, दिवाळी उलटल्यावर दिवाळीचे कपडे देणारा शिंपी, अर्धी भिंत फोडून तीन दिवस गायब झालेला प्लंबर, हे आपण सगळ्यांनी भोगलेलं आहे. पण एक गंमत लक्षात घ्या. त्यांच्यावर आपल्याकडे विनोद आहेत, किस्से आहेत, एकेका धंद्याची जात काढणाऱ्या हिणकस म्हणीसुद्धा आहेत. गायब होणाऱ्या गिऱ्हाईकावर काय आहे? शोधून एक सापडते: 'गरज सरो, वैद्य मरो'. ती एकटी म्हण वैद्याच्या बाजूने बोलते. बाकी म्हणी बहुधा गिऱ्हाईकांनीच रचल्या असाव्यात.

आणि प्रत्येक न मागितलेल्या फोनलाही उत्तर द्या असं माझं म्हणणं नाही. कर्ज घ्या म्हणून रोज छळणारे, प्लॉट घ्या म्हणून मागे लागणारे, यांना उत्तर देणं तुम्ही लागत नाही. माझी रेषा साधी आहे. तुम्ही मागितलंत का? दर तुम्ही मागितलात, नमुना तुम्ही मागितलात, घर बघायला या म्हणून तुम्ही बोलावलंत, तर उत्तराचं देणं तुमच्या नावावर लागलं. जेवढं जास्त मागितलंत तेवढं देणं मोठं. नुसता दर विचारला असेल तर एक ओळ पुरे. कोणाला दोनदा घरी बोलावून मापं घ्यायला लावली असतील तर मेसेजवर भागवू नका, फोन करा. आणि काम सुरू झाल्यावर गप्प व्हायचं असेल, तर तो असभ्यपणाही राहिला नाही. त्याला वेगळा शब्द आहे.

कारण मौनाचा सगळ्यात वाईट प्रकार काम हातात पडल्यानंतरचा. काम चालू असताना दिवसातून सहा फोन. "झालं का? किती राहिलं? आज रात्री मिळेल ना?" काम पाठवलं, "फार सुंदर झालंय, आभारी आहोत." बिल पाठवलं, आणि दिवे गेले! एका संस्थेने माझ्याकडून रुग्णांसाठीची माहितीपत्रकं करून घेतली होती. गणपतीच्या तोंडावर रात्री जागून दिली. छापली गेली, वाटलीही गेली, मी ती स्वतः पाहिली. बिलाबद्दल विचारलं तर आधी "अकाउंट्सकडे गेलंय", मग "अकाउंट्सचे गृहस्थ रजेवर आहेत", मग नुसतीच रिंग. पैसे आले ते शिमगा झाल्यावर. उशीर का झाला हे आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. मला पैशाच्या उशिराइतकंच ते 'न सांगणं' लागलं. "या महिन्यात हात आखडलाय, होळीनंतर देतो" असं म्हणाले असते तर मी दुसरीकडे काही व्यवस्था लावली असती. अडचण कोणाला येत नाही? अडचण सांगणाऱ्याशी माणूस जुळवून घेतो. तोंड लपवणाऱ्याशी काय जुळवणार?

ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांची तर आणखीच तऱ्हा. सेवा दिल्यापासून सर्वसाधारणपणे तीस दिवसांत बिल करावं लागतं आणि बिल झालं की कर देय होतो. गिऱ्हाईकाने पैसे दिलेत की नाही हे सरकार विचारत नाही. म्हणजे तुमचे पैसे अडकलेले आणि त्या न आलेल्या पैशांवरचा कर तुम्ही खिशातून भरायचा. गप्प बसलेल्या माणसाला हे माहीतही नसतं. त्याच्या लेखी एक मेल 'नंतर बघू'च्या ढिगात गेलेली असते.

इथे कायदा थोडा मदतीला येतो. तो वापरत नाही हा आपला भिडस्तपणा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात स्पष्ट आहे: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेतली तर करारात काहीही लिहिलेलं असो, पैसे देण्याची मुदत पंचेचाळीस दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही महिन्याच्या हिशेबाने चक्रवाढ व्याज. दाद मागायला राज्यात सुविधा परिषदा आहेत. भाषांतरकार, डिझायनर असे सेवा देणारे एकटे लोकही यात येऊ शकतात. जुलै २०२० पासूनची 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. ती काम घेण्याआधी करून ठेवावी, भांडण लागल्यावर नव्हे. २०२३ च्या वित्त कायद्याने तर आयकरातही पेच टाकला. अशा लहान पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च धंद्याच्या उत्पन्नातून वजा मिळत नाही. हे १ एप्रिल २०२४ पासून अमलात आलं. न्यूयॉर्क शहराने याच दुखण्यावर केलेला कायदा २०१७ मध्ये लागू झाला: आठशे डॉलर वा त्याहून मोठ्या कामाला लेखी करार हवाच आणि तारीख ठरली नसेल तर काम संपल्यापासून तीस दिवसांत पैसे. म्हणजे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. तिकडच्यांनाही 'कळवतो' म्हणता येतं.

पण कायद्याचा हात कुठवर पोचतो? पैशापर्यंत. उत्तरापर्यंत नाही. "कोटेशन मागितलं आणि सांगितलं नाही" असा खटला जगात कुठे उभा राहणार? तिथे आपल्याला आपल्याच सभ्यतेवर अवलंबून राहावं लागतं. आणि गोची तिथेच आहे.

पूर्वीच्या गावगाड्यात बलुतेदाराला त्याचं बलुतं सुगीला खळ्यावर मिळायचं. त्या व्यवस्थेचे गोडवे गायची मला मुळीच इच्छा नाही. जातीने बांधलेलं काम, आणि घासाघीस करायची सोय नाही. ती गेली ते बरंच झालं. पण त्यात एक गोष्ट होती: तोंड चुकवायला जागा नव्हती. ज्याच्याकडून नांगर करून घेतला तो रोज पाणवठ्यावर, देवळात, पारावर दिसायचा. आज ज्याच्याकडून काम करून घेतलं त्याचा चेहराही आपण पाहिलेला नसतो. तो एक नंबर असतो आणि नंबर म्यूट करता येतो. तोंड चुकवणं इतकं सोपं झाल्यावर तोंड न चुकवणं ही आता प्रत्येकाने स्वतः ठरवून करायची गोष्ट झाली आहे. बाहेरून कोणी करून घेणार नाही.

आणि हे फिरत राहतं बरं का. मुलाखतीला बोलावून नंतर न कळवणाऱ्या कंपन्यांना तासभर शिव्या घालणारा माझ्या ओळखीचा एक मनुष्य आहे. तीन फेऱ्या झाल्या, प्रेझेंटेशन करून घेतलं आणि मग कोणी ओळख दाखवेना. त्याचा संताप शंभर टक्के बरोबर होता. त्याच महिन्यात त्याच्या नव्या घरासाठी चार इंटिरिअरवाल्यांनी आराखडे काढले होते. एकाला काम दिलं. उरलेल्या तिघांना कळवलं का, असं मी विचारलं. "त्यांना काय कळवायचं? समजलं असेल त्यांना." आता काय बोलणार! ज्या दगडाने आपल्याला ठेच लागली तोच उचलून आपण पुढच्याच्या वाटेत ठेवतो.

माझ्यापुरतं मी ठरवलंय. प्रत्येक कोटेशनवर तारीख घालतो: 'हा दर अमुक तारखेपर्यंत.' त्या तारखेला एकदा आठवण करतो, एकदाच. उत्तर आलं नाही तर मीच लिहितो, "आपण काम दुसरीकडे दिलं असं समजून मी हा विषय बंद करतो." फार हलकं वाटतं. नमुना एका पानापुढे फुकट नाही. नव्या गिऱ्हाईकाकडून निम्मे पैसे आधी, मग तो कितीही गोड बोलो. गोड बोलणाऱ्यांकडून तर आधीच! मित्र म्हणतात, फार कडक झालास. झालो असेन. पण यात खंत अशी की या नियमांचा जाच होतो तो सरळ माणसांना. दोघा-चौघांच्या गप्प बसण्याची किंमत पुढचं भलं गिऱ्हाईक अॅडव्हान्सच्या रूपाने भरतं. शब्दावर होणारी कामं अशीच एकेक करून कागदावर जातात आणि मग आपणच म्हणतो, पूर्वीसारखी माणसं राहिली नाहीत.

तेव्हा एक करा. आज रात्री फोन घेऊन बसा आणि गेल्या दोन महिन्यांत तुम्ही कोणाकडे दर मागितला, कोणाला घरी बोलावलं, कोणाला 'कळवतो' म्हणालात ते बघा. एखादा पेंटर असेल, एखादी गाण्याच्या क्लासची बाई असेल, सोसायटीच्या गळतीचं एस्टिमेट देऊन गेलेला कोणी असेल. त्याला लिहा, "यावेळी जमत नाही, तुम्ही वेळ दिलात त्याबद्दल आभार." कारण द्यायची गरज नाही, माफी मागायची तर नाहीच नाही. त्याला वाईट वाटेल अशी भीती वाटत असेल तर विसरा. त्याला वाईट वाटून झालंय, पंधरा दिवसांपूर्वीच. आता निदान त्याची ती तारीख तरी मोकळी होऊ दे.